बाळाच्या शाम्पूची मागची बाजू

बारशाला आलेल्या भेटी उघडून पाहिल्या, तर अलीकडे त्यांत झबली-टोपडी कमी आणि बाटल्या-डबे जास्त निघतात. शाम्पू, अंग धुण्याचे पातळ साबण, लोशन, पावडर, ओले पुसणे, सगळे एका पारदर्शक पिशवीत, वर गुलाबी किंवा निळी फीत. देणाऱ्याची भावना चांगली असते. घेणारी आई ते फळीवर मांडते आणि घरी आणले आहे तर वापरलेच पाहिजे, असे समजून दुसऱ्या दिवसापासून वापरू लागते. बाटलीच्या पुढच्या बाजूला हसरे बाळ असते आणि 'सौम्य', 'नैसर्गिक', 'डोळ्यांत पाणी येत नाही' असे शब्द असतात. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, आत काय आहे ते लिहिलेले असते. पुढची बाजू सगळे वाचतात, मागची जवळजवळ कोणीच वाचत नाही.

आजचा विषय ही मागची बाजू आहे. वाचकांनी घाबरून जाऊन घरातल्या बाटल्या गटारात ओताव्यात, असा हेतू नाही. मात्र पुढच्या बाजूवरील 'बेबी' हा शब्द म्हणजे सरकारी शिक्का आहे, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो दूर व्हावा. बाळाला लागते फार थोडे. त्या थोड्यात काय आहे हे जाणून घेण्याचा आईबापांना हक्क आहे, आणि तो हक्क आज कागदावरच राहिला आहे.

बाळाची त्वचा वेगळी का?

तान्ह्या मुलाची त्वचा म्हणजे मोठ्या माणसाच्या त्वचेची लहान आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानाने पाहिले तर बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दोन ते तीन पट भरते. म्हणजे अंगाला चोपडलेला पदार्थ त्वचेतून आत गेला, तर त्याचा वाटा लहानशा शरीराला मोठा पडतो. त्वचेचा वरचा थर पातळ असतो. बाहेरचे बाहेर आणि आतले आत ठेवण्याचे त्याचे काम पुरते जमायला पहिले वर्ष जावे लागते.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे ज्याला डॉक्टर पीएच म्हणतात त्याची. जन्मताच बाळाची त्वचा साधारण उदासीन असते. पुढच्या काही आठवड्यांत ती किंचित आम्लधर्मी होते आणि सामू ५ ते ५.५ च्या आसपास येतो. हे आम्लाचे कवच जंतूंना दूर ठेवते. आपली नेहमीची साबणाची वडी मात्र ९ ते १० सामूची, म्हणजे अल्कधर्मी असते. दिवसातून दोनदा खसाखसा साबण लावला की हे कवच पुनःपुन्हा मोडते, त्वचा कोरडी पडते, गालांवर आणि कोपराच्या घडीत लाल चट्टे उठतात. मोशी, चिखली, चऱ्होली या भागांतील अनेक सोसायट्या बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर दिवस काढतात. बोअरचे पाणी जड असले तर साबणाचा फेस होत नाही, म्हणून साबण आणखी लावला जातो, आणि न विरघळणारा पांढरा साका बाळाच्या अंगावर राहतो. अशा घरांत पुरळ उठले की दोष दुधाला, दातांना नाही तर दृष्टीला दिला जातो. न्हाणीघराकडे कोणी पाहत नाही.

कूलंटचे कूळ आणि शाम्पूचे कूळ

आता आपल्या भागातील वाचकांना चटकन समजेल असे उदाहरण घेऊ. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण, म्हाळुंगे येथे हजारो कामगार लेथवर, सीएनसी मशिनवर उभे असतात. कापणाऱ्या हत्यारावर जे पांढरट दुधासारखे पाणी पडत राहते, ते कूलंट सगळ्यांच्या परिचयाचे आहे. गुरुवारी सुट्टी असली आणि मशिन बंद राहिले, की शुक्रवारी सकाळी टाकीतून कुजका वास येतो, हेही ठाऊक आहे. तेल आणि पाणी एकत्र आले की त्यात जंतू वाढतात. ते वाढू नयेत म्हणून कूलंटमध्ये जंतुरोधक रसायने घालावी लागतात. त्यांतील काही हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडणारी असतात, तर काही आयसोथायाझोलिनोन या गटातील असतात. कूलंटमध्ये दिवसभर हात भिजणाऱ्या कामगारांच्या बोटांवर खाज, भेगा, पुरळ येते, त्याच्या कारणांत ही रसायनेही येतात.

शाम्पूचेही तसेच आहे. शाम्पूत निम्म्याहून अधिक पाणी असते. पाणी आले की जंतू आले, आणि जंतू आले की त्यांना रोखणारे रसायन आले. लहान मुलांच्या शाम्पूत वर्षानुवर्षे वापरली गेलेली काही रसायने याच दोन कुळांतील आहेत. क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडेंटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया आणि डायझोलिडिनिल युरिया ही फॉर्मल्डिहाइड सोडणारी मंडळी. मिथाइल आयसोथायाझोलिनोन आणि मिथाइल-क्लोरो-आयसोथायाझोलिनोन ही दुसऱ्या कुळातील. थोडक्यात, बापाच्या हातावर कारखान्यात जे येते, त्याचा भाऊबंद घरी बाळाच्या डोक्यावर येऊ शकतो.

येथे तारतम्य हवे. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कूलंटमध्ये हात तासन् तास असतात, शाम्पू मिनिटभरात धुतला जातो. फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले आहे. पण तो पुरावा मुख्यतः त्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांचा आहे. शाम्पूने कर्करोग होतो, असे त्यावरून म्हणता येणार नाही. शाम्पूतील खरा धोका साधा पण चिवट आहे, तो म्हणजे ॲलर्जी. त्वचेने एकदा एखादे रसायन शत्रू म्हणून ओळखले, की ती ओळख बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे त्या रसायनाचा थोडासा अंशही पुरळ उठवायला पुरतो. आज वर्षाचे असलेले मूल उद्या आयटीआय करून मशिनवर उभे राहिले, आणि पहिल्याच महिन्यात त्याचे हात फुटू लागले, तर त्याची सुरुवात कोठे झाली हे कोण शोधणार?

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची एक संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवते. २०१३ मध्ये हा मान मिथाइल आयसोथायाझोलिनोनला मिळाला आणि २०१५ मध्ये फॉर्मल्डिहाइडला. यामागे एक बोध आहे. पॅराबेन नावाच्या जुन्या जंतुरोधकांविषयी लोकांत धास्ती पसरली. कंपन्यांनी 'पॅराबेनमुक्त' अशी अक्षरे छापली आणि त्यांच्या जागी अनेकांनी हे दुसरे रसायन घातले. परिणाम असा की युरोपात ॲलर्जीची साथच आली. अखेर तेथे अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते २०१७ पासून बंद झाले आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत २०१८ पासून त्यावर कडक मर्यादा आली. म्हणून 'अमुकमुक्त' एवढेच वाचून हुरळून जाऊ नये. अमुकाच्या जागी तमुक काय आले, ते पाहावे.

फेस, वास आणि अश्रू

फेसाने मळ जातो, ही आपली ठाम समजूत. प्रत्यक्षात फेस हा डोळ्यांना बरा वाटण्यासाठी असतो. तो देणारा एक सर्रास वापरातील पदार्थ म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट. तो मूळच्या सोडियम लॉरिल सल्फेटपेक्षा सौम्य असतो. पण त्याला सौम्य करण्याच्या रासायनिक प्रक्रियेत १,४-डायॉक्झेन नावाचा एक नको असलेला पदार्थ सूक्ष्म प्रमाणात तयार होतो. माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते. तो मुद्दाम घातलेला नसतो, त्यामुळे घटकांच्या यादीत त्याचे नाव कधीच येत नाही. कारखान्यात नीट शुद्धीकरण केले तर तो बराचसा काढून टाकता येतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने अंग धुण्याच्या उत्पादनांसाठी २०२३ च्या अखेरीपासून त्याची मर्यादा दहा लाख भागांत १ भाग अशी कायद्याने ठरवली. म्हणजे हे करता येते, फक्त तसा आग्रह धरावा लागतो.

डोळ्यांना न झोंबणाऱ्या शाम्पूविषयी एक अफवा फिरते, की त्यात डोळा बधिर करणारे औषध असते. हे खोटे आहे. त्यात मोठ्या रेणूंचे, कमी बोचणारे मळनाशक वापरतात आणि सामू अश्रूंच्या जवळ ठेवतात, इतकेच. पण झोंबत नाही म्हणजे आत काहीच नाही, असाही त्याचा अर्थ नव्हे. डोळ्याला न बोचणारा पदार्थ त्वचेला ॲलर्जी देऊ शकतो.

राहिला वास. यादीत 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' हा एकच शब्द असतो, पण त्याच्या पोटात अनेक रसायने असू शकतात, आणि त्यांची नावे सांगण्याचे बंधन कंपनीवर नाही. न्हाऊन आलेल्या बाळाला स्वतःचा गोड वास असतो. त्यावर बाजारातला वास कशाला हवा?

एका डब्याची पुणे ते हायकोर्ट वाटचाल

आता कोणी म्हणेल, सरकार आहे, तपासणी आहे, आपण कशाला काळजी करायची? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेल्या एका प्रकरणात आहे. ते शाम्पूचे नाही, पावडरीचे आहे. पण बाळाच्या न्हाणीघरात हे दोन्ही शेजारीच असतात आणि दोघांना कायदाही एकच लागतो.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिक येथून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या बेबी पावडरीचे नमुने घेतले. भारतीय मानकाप्रमाणे तान्ह्या मुलांच्या पावडरीचा सामू ५.५ ते ८ च्या दरम्यान असावा लागतो. तो त्याहून जास्त आढळला. नमुना २०१८ चा, अहवाल २०१९ चा, आणि कारवाई? सप्टेंबर २०२२ मध्ये! त्या महिन्यात प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला आणि उत्पादन व विक्री थांबवण्याचा आदेश दिला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नव्याने नमुने घेऊन दोन सरकारी आणि एका खाजगी प्रयोगशाळेत तपासायला लावले. ते मानकात बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले. इतक्या विलंबाबद्दल प्रशासनाला खडे बोल ऐकावे लागले, आणि मुंगी मारायला हातोडा उचलू नये, अशा अर्थाची टिप्पणीही झाली.

कंपनी दोषी की प्रशासन, हा वाद येथे उकरायचा नाही. पण एका साध्या माणसाच्या नजरेने पाहा. समजा २०१८ ची ती पावडर खरोखर सदोष होती, तर ज्या बाळांना ती लावली ती बाळे कारवाई होईपर्यंत बालवाडीत गेली. समजा ती निर्दोष होती, तर एका कारखान्याला उगाच टाळे लागायची पाळी आली. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी आईबापांच्या हाती काय लागले? काहीच नाही. डबा रिकामा झाला, फेकला गेला, आणि मग बातमी आली.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. याच कारखान्यात २००७ मध्ये पावडरीच्या १५ बॅचचे निर्जंतुकीकरण एथिलीन ऑक्साइड या वायूने करण्यात आले होते. हा वायू कर्करोगकारक म्हणून ओळखला जातो. पावडरीत त्याचा अंश उरला की नाही, याची तपासणी झाली नव्हती, असा प्रशासनाचा आक्षेप होता. परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो २०१३ मध्ये. कंपनीने अपील केले आणि पुढे उत्पादन पुन्हा सुरू झाले. पण २००७ ची पावडर २०१३ पर्यंत कोणाच्या घरात शिल्लक राहणार होती?

शाम्पूचे प्रकरण राजस्थानात झाले. २०१९ मध्ये तेथील औषध नियंत्रण विभागाने याच कंपनीच्या बेबी शाम्पूच्या दोन बॅचमध्ये फॉर्मल्डिहाइड आढळल्याचे जाहीर केले. कंपनीने ते साफ नाकारले. आम्ही फॉर्मल्डिहाइड घालत नाही आणि ते सोडणारे घटकही वापरत नाही, असे तिचे म्हणणे होते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्रे लिहून विक्री थांबवण्यास सांगितले. वर्तमानपत्रांत दोन दिवस मथळे झळकले. पुढे सर्वसामान्य आईला त्यातले काय कळले? दुकानात विचारावे तर दुकानदार म्हणणार, "ताई, ते जुनं झालं. आता काही नाही."

बॅच, पाणी, प्रक्रिया यांतली एखादी चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण फ्रान्सने १९७२ मध्ये पाहिले. तेथील तान्ह्या मुलांच्या एका पावडरीत कारखान्यातील चुकीने हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. ते त्वचेतून आत गेले. २०० हून अधिक मुले आजारी पडली आणि ३६ दगावली. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. नियम असे मुलांच्या मरणातून तयार होतात. ते पाळले जातात की नाही, हे पाहायला नवे मरण लागू नये.

आणि दबाव आणला तर कंपन्या ऐकतात, याचेही उदाहरण आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील ग्राहक गटांनी दाखवून दिले, की जॉन्सनचा बेबी शाम्पू अमेरिकेत आणि चीनमध्ये क्वाटर्नियम-१५ घालून विकला जातो, पण स्वीडन, डेन्मार्क, जपान येथे तोच शाम्पू त्याशिवाय विकला जातो. म्हणजे त्याशिवाय शाम्पू बनवता येत होता! बोभाटा झाल्यावर कंपनीने लहान मुलांच्या उत्पादनांतून असे घटक काढण्याचे मान्य केले आणि दोन-अडीच वर्षांत तसे केलेही. जेथे गिऱ्हाईक विचारते, तेथे माल सुधारतो.

घरचे ते सारेच चांगले?

हे वाचून काही आजीबाई म्हणतील, "आम्ही सांगत होतो, डाळीचे पीठच बरे." आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण घरगुती म्हणजे निर्धोक, हेही तितकेच चुकीचे आहे. मसूर डाळीचे जाडसर पीठ किंवा उटणे तान्ह्या बाळाच्या अंगावर चोळले, की त्या पातळ थरावर ओरखडे येतात. लव जावी म्हणून पिठाच्या गोळ्याने रगडणे तर थांबवलेच पाहिजे. ती लव आपोआप जाते. रिठा आणि शिकेकाई नैसर्गिक खऱ्या, पण डोळ्यांत गेल्या तर बाळाचे हाल करतात. मोहरीच्या तेलाने त्वचेचे कवच कमजोर होते. त्यापेक्षा साधे शुद्ध खोबरेल बरे. टाळूवर तेल थापून ठेवले म्हणजे टाळू लवकर भरते, असेही नाही. न्हाऊ घातल्यावर वावडिंग-ओव्याची धुरी देण्याची चाल आहे. त्या धुराने बाळाची छाती भरते. ऊब हवी तर सुती दुपट्यात गुंडाळावे, आईने जवळ घ्यावे.

आणखी एक सवय सुशिक्षित घरांतही दिसते, ती म्हणजे बाळाच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक द्रावण टाकण्याची. जखम धुण्याचे औषध हे रोजच्या आंघोळीचे पाणी नव्हे. त्याने उपयोगी जंतूही मरतात आणि त्वचा भाजल्यासारखी लाल होते.

मग करावे काय?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की जन्मल्यावर पहिली आंघोळ निदान २४ तासांनी घालावी. त्यानंतरही पहिले काही महिने बाळाला बहुतेक दिवशी नुसते कोमट पाणी पुरते. ते रांगत नाही, मातीत खेळत नाही, घाम-तेल यांचा त्याला त्रास नसतो. मळतात त्या जागा ठरलेल्या असतात. मान, काखा, जांघा आणि शी-शूची जागा. तेवढ्यापुरता सौम्य साबण हलक्या हाताने लावावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. डोक्याला शाम्पू आठवड्यातून एकदा-दोनदा, थेंबभर. आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी.

बाटली घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. प्रमाण एका टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे पहिली चार-पाच नावे हीच मुख्य.

२. वर दिलेली फॉर्मल्डिहाइड सोडणारी चार नावे आणि आयसोथायाझोलिनोनची दोन नावे दिसली, तर दुसरी बाटली मागावी. वास नसलेली मिळाली तर उत्तम.

३. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत ही चारही हवीत. यांतले एक नसले तरी आठवडे बाजारातील स्वस्त बाटली घरी आणू नये.

४. बाटली संपत आली की त्यात पाणी घालून हलवून वापरण्याची काटकसर बाळाच्या बाबतीत नको. पाण्याने जंतुरोधकाचे प्रमाण पातळ होते आणि उरलेल्या शाम्पूत जंतू वाढतात.

५. धुऊन जाणाऱ्या शाम्पूपेक्षा अंगावर राहणाऱ्या वस्तूंबाबत, म्हणजे लोशन आणि ओले पुसणे यांबाबत, दुप्पट काटेकोर राहावे. घरी असताना शी पुसायला ओला सुती कपडा चांगला. पावडर तर लागतच नाही. तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते.

६. नवी वस्तू आणल्यावर दोन-तीन दिवस बाळाच्या दंडावर रुपयाएवढ्या जागेत लावून धुऊन पाहावी. लाली, खाज, फोड आल्यास बंद करावी. मात्र पुरळ आठवड्यात गेले नाही, त्यातून पाणी येऊ लागले किंवा बाळाला ताप आला, तर मेडिकलमधून परस्पर मलम आणू नये. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असते. बाळाला जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात दाखवावे, आणि जाताना ती बाटली सोबत न्यावी.

७. मशिनवर काम करणाऱ्या वडिलांनी घरी आल्यावर कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन मगच बाळाला घ्यावे. कंपनीचा गणवेश आणि बाळाची दुपटी एका बादलीत भिजवू नयेत.

जबाबदारी एकट्या आईची नव्हे

एवढे सांगून थांबलो तर सारा भार पुन्हा आईच्या डोक्यावर येतो. नाणेकरवाडी किंवा खराबवाडीच्या एका खोलीत राहणारी, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून पोटासाठी आलेली तरुण आई मळनाशकांचे रसायनशास्त्र केव्हा शिकणार? ती शाम्पूची पुडी विकत घेते. पुडीवरची अक्षरे भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि दिसली तरी ती इंग्रजीत असतात. म्हणून मागण्या तीन आहेत.

पहिली, लहान मुलांच्या प्रसाधनांवर घटकांची आणि धोक्याच्या सूचनांची माहिती मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. जाहिरात मराठीत करता येते, मग यादी का नाही? दुसरी, अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या वस्तूंचे नमुने नियमित घ्यावेत आणि अहवालासाठी मुदत ठरवावी, ती वर्षांत नव्हे, आठवड्यांत. चाकणच्या कारखान्यात सुट्या भागाची तपासणी होऊन तो त्याच दिवशी नापास होऊ शकतो, तर बाळाच्या शाम्पूला वर्ष का लागावे? तिसरी, अहवाल पास असो वा नापास, बॅच क्रमांकासह वर्तमानपत्रांत आणि दुकानांत लावावा. नापास अहवाल दडवला तर मुलांचे नुकसान होते. पास अहवाल दडवला तर चांगल्या उत्पादकाचे नुकसान होते आणि अफवांचे फावते.

आणि आपल्याही हाती एक साधन आहे, जे फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणताही नागरिक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था स्वतः विकत घेतलेले प्रसाधन, ठरलेली फी भरून, सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते आणि सही केलेला अहवाल मिळवू शकते. एकट्याने हे करणे अवघड आहे. पण आपल्याकडे महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत, सोसायट्या आहेत, कारखान्यांत कामगार संघटना आहेत. बोनस आणि पगारवाढीसाठी एक होणाऱ्या संघटनांनी वर्षातून एकदा, आपल्या कामगारांच्या मुलांना जे लावले जाते त्यातील पाच वस्तू तपासून घ्याव्यात आणि अहवाल गेटवरच्या फलकावर लावावा. खर्च फार नाही. दुकानातील बिल मात्र जपून ठेवावे.